बेलासारखं पान

“मुलीला ‘कसा हवा’ असं कधी विचारू नये. ‘कसा चालेल’ असं विचारावं. लग्नं तशीच जमतात.”

पद्मिनीकाकूंचा हा आवाज सकाळपासून प्रीताच्या कानात घुमत होता. काकूंनी साताऱ्यात बसून अर्ध्या गावाची लग्नं जमवली होती. प्रीतानं इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये एकच जमवलं होतं, आणि तेच आज तिला स्वस्थ बसू देत नव्हतं.

हरतालिका होती. पाटावर वाळूची पिंडी मांडलेली. वाळू मुलांच्या खेळायची, दुकानातून पिशवीभर आणलेली. समोर रुचा बसली होती. प्रीताची कॉलेजपासूनची मैत्रीण, चौतिशीची, निर्जळी उपासानं ओठ सुकलेले. संध्याकाळच्या विमानानं बेलव्ह्यूहून नकुल आणि त्याची आई यायची होती. उद्या अपार्टमेंटच्या क्लबहाऊसमध्ये रुचा आणि नकुलचा साखरपुडा.

वर्षानुवर्षं रुचा एकेक स्थळ नाकारत आली होती. ‘वाईट नाही गं, पण मनात भरत नाही,’ हे तिचं ठरलेलं उत्तर. ‘मग काय, देव खास तुझ्यासाठी घडवून धाडणार आहे?’ असं घरचे फोनवर करवादायचे. या मार्चमध्ये मात्र ती थकली. प्रीतानं संधी साधली. बेलव्ह्यू लांब आहे, चालेल? चालेल. त्याची आई सोबत राहील, चालेल? चालेल. तो जरा अबोल आहे. चालेल. प्रीताला धन्य वाटलं होतं. नकुलच्या आईला तिनं त्याच दिवशी शब्द देऊन टाकला.

पण गेले काही दिवस रुचा धड बोलत नव्हती. आणि आज पहाटेपासून प्रीताचे हात खाजत होते. उपासाची उष्णता असेल म्हणून तिनं सोडून दिलं.

“घे, बेल वाहा,” तिनं तबक पुढे सरकवलं. काल सकाळी अपार्टमेंटमागच्या झाडीत तिला तो दिसला होता. एका देठाला तीन पानं, हिरवीगार, तुकतुकीत. परमुलखात बेल मिळाला म्हणून तिनं तिथल्या तिथे हात जोडले होते.

“रुचा, हात लावू नकोस!” प्रीताचा नवरा अतुल स्वयंपाकघराच्या दारातून ओरडला. हातातला चहा हिंदकळला. “अगं, हा बेल नाही. पॉयझन आयव्ही आहे. विषारी वेल! अंगभर फोड येतात.”

“काहीतरीच काय? तीन पानं बघ ना.”

“तेच तर! इथे पोरांना पहिलं हेच शिकवतात, तीन पानं दिसली की लांब राहा.”

“आणि आम्हाला शिकवलं, तीन पानं दिसली की देवाला वाहा,” प्रीता पुटपुटली आणि तिनं बांगड्या मागे सारून हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं होतं.

अतुलनं प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून ते तबक लांब धरून बाहेर नेलं. रुचा हसायला लागली. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“तीन पानं आहेत ना, मग चालेल, असं झालं तुझं,” ती म्हणाली. “माझंही तसंच झालंय गं. नकुल चांगला आहे. त्याचा काही म्हणता काही दोष नाही. पण त्याचा फोन आला की मी तो संपायची वाट बघत बसते.”

“सगळ्यांचं असंच असतं,” प्रीता नेहमीचं बोलली. “माझं तरी काय? मीही ‘चालेल’ म्हणूनच हार घातला. आता छान चाललंय ना?”

“पिंडीसमोर सांग.”

प्रीताची नजर पिंडीवर गेली आणि तिला तो दिवस आठवला. अतुल बघायला आला होता तेव्हा उंबऱ्यातल्या रांगोळीवर त्याचा पाय पडला. सगळे आत जाऊन बसले, तरी तो खाली बसून बोटानं ती नीट करत होता. आणखीच बिघडवली होती. ती पडद्याआडून बघत होती. काकूंनी ‘चालेल का गं?’ विचारायच्या आतच तिचं ठरलेलं होतं.

“नाही,” ती हळूच म्हणाली. “मला आवडला होता. फार आवडला होता.”

रुचानं डोळे पुसले. मग म्हणाली, “हरतालिकेच्या कहाणीत बापानं परस्पर विष्णूला शब्द दिला, तर सखीनं पार्वतीला उचलून रानात नेलं. तू मला क्लबहाऊसमध्ये घेऊन चाललीस.”

प्रीतानं मान खाली घातली.

“माझ्या तोंडून ‘नाही’ निघणार नाही गं. त्याच्या आई मला आत्ताच ‘सूनबाई’ म्हणतात. तू सांगशील?”

“सांगेन.”

“आज?”

“आजच. उद्यावर नाही टाकत.”

पूजा आटोपली. प्रीतानं हातांना गुलाबी औषध चोपडलं, साडीचा पदर खोचला आणि गाडीची किल्ली उचलली.

“एअरपोर्टला मी जातो ना,” अतुल म्हणाला. “तुझ्या पोटात पाण्याचा थेंब नाही.”

“नको. शब्द मी दिला होता, मीच परत घेते. तू भात लाव. नकार दिला म्हणून पाहुणे उपाशी जायचे नाहीत.”

अतुल जवळ आला. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “म्हणजे... तिच्या मनात दुसरा कुणी आहे?”

प्रीतानं चपला पायात सरकवल्या.

“नाही रे,” ती म्हणाली. “कुणीच नाही. नकुलही नाही.” आणि दार हलकेच ओढून ती निघाली.