पिठातले पाऊल

गोठ्याच्या आढ्याला चार कोष लोंबत होते. तीन बंद, एक फाटलेला. आभाळातून सुलतानपूरच्या शिवारात पडलेल्या त्या बिनपायांच्या अळ्या मनकर्णाबाईंनी वर्षभर स्वतः दूध पाजून जगवल्या होत्या.

"आज जाळतोच," रॉकेलचा डबा टेकवत भगवानराव पाटील मला म्हणाले. "मास्तर, समजवा वहिनीले. फाटलेल्यातलं जनावर कुठी गेलं, ठाव नाही."

"मेलं असंन, भाऊजी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "माणूस गेल्यावर आपण पीठ ठेवतो, तसं ठेवते. कोणत्या जन्माले गेलं ते उमटते. मंग जाळा."

"अळीचं बी दहावं घालता का आता?" भगवानराव हसले, पण थांबले.

फाटलेल्या कोषाखाली परातीत पीठ पसरून टोपलीने झाकले. मनकर्णाबाईंनी लबाडी करू नये म्हणून भगवानरावांनी त्यांना रात्री आपल्या बायकोजवळ निजवले.

सकाळी टोपली बाजूला पडली होती. पिठात माणसाचे अनवाणी पाऊल होते. मी शाळेची नवी मेट्रिक पट्टी लावली: बावीस पूर्णांक तीन सेंटिमीटर.

"रातभर माह्या बाजूलेच होत्या," पाटलीणबाई म्हणाल्या.

तरीही भगवानरावांनी मला मनकर्णाबाईंचे पाऊल मोजायला लावले.

बावीस पूर्णांक तीन.