कंसातली बाई

"मावशी, तुमची कसली ऑडिशन? तुमचं काम ठरलेलंच आहे," असं म्हणत दिग्दर्शकाने तिच्या एका हातात कागद दिला आणि दुसऱ्या हातात रिकाम्या ग्लासांचा ट्रे.

तिने कागद पाहिला. सगळं कंसात. नाटकाच्या संहितेत माणसं जे बोलतात ते उघड्यावर असतं. येणं-जाणं, उठणं-बसणं कंसात. ही बाई आजवर जेवढ्या नाटकांत होती, तेवढ्यांत कंसातच होती. "आमची मंडळी नाटकात आहे," तिचा नवरा शेजाऱ्यांना सांगायचा, "फक्त ऐन वेळी शिंकू नका, तेवढ्यात येऊन जाते." शेजारी हसायचे. तीही हसायची, पण तिला ते लागायचं.

तालमीच्या खोलीत भिंतीला टेकून नटमंडळी आपापली वाक्यं ओठांतल्या ओठांत घोळवत होती. थोरल्या बहिणीच्या भूमिकेसाठी चौघीजणी आल्या होत्या. ही पाचवी, पण ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

"चला, चालून दाखवा, म्हणजे झालं," दिग्दर्शक घड्याळाकडे बघत म्हणाला.

ती खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने खणखणीत आवाजात वाचलं, "मोलकरीण येते."

खोलीत खसखस पिकली. कंसातलं मोठ्याने वाचणं ही अगदी नवख्याची चूक. एखाद्याकडून पहिल्या तालमीला होते आणि मग मंडळी त्याला वर्षभर चिडवतात. आणि इथे तर तालमी करता करता केस पिकलेली बाई!

"मावशी, कंसातलं वाचायचं नसतं हो."

"मग काय वाचू? माझं सगळं तिथेच आहे." ती पुढे वाचू लागली. "मोलकरीण ट्रे ठेवते. कुणी तिच्याकडे बघत नाही. मोलकरीण जाते."

या वेळी कुणी हसलं नाही. आणि ती गेलीही नाही.

"मला थोरलीचं म्हणायचंय," ती म्हणाली.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत होता. "अहो, थोरली म्हणजे सगळं घर धाकात ठेवणारी बाई. तिला आवाज लागतो. तुमचा आवाज इतक्या वर्षांत आम्ही ऐकलासुद्धा नाही."

"ऐकणार कसा? तोंड उघडायच्या आत विंगेत धाडता."

कोपऱ्यात बसलेल्या लेखकाला ठसका लागला. दिग्दर्शकाने त्याच्याकडे पाहिलं, चौघींकडे पाहिलं, आणि सुटका करून घ्यावी तसा म्हणाला, "बरं, म्हणा. पहिला प्रवेश. पाठ आहे ना?"

"सगळ्यांचं पाठ आहे. पण या प्रवेशात मोलकरीण लागते." तिने ट्रे सरळ त्याच्या हातात दिला. "धरा जरा."

थोरलीच्या खुर्चीवर ती बसली. इथून आज उठवलं, तर पुन्हा कुणी बसू देणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तिने घाई केली नाही. रंगमंचावर वेळ लावायची चैन तिला कुणी कधी करू दिली नव्हती. ती आज तिने आपणहून करून घेतली. ऐसपैस टेकली, हात खुर्चीच्या हातांवर टाकले, आणि समोर ट्रे घेऊन अवघडलेल्या माणसाकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

मग आवाज जराही न चढवता म्हणाली, "ठेव तिथे. आणि जाताना दार ओढून घे."

वाक्य संहितेतलंच होतं, एका शब्दाचाही फरक नव्हता.

दिग्दर्शकाने ग्लास वाजणार नाहीत इतक्या बेताने ट्रे ठेवला आणि खाली मान घालून निघाला. दाराच्या कडीला हात लागला, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की हे नाटक आपण बसवतोय.