गाडी करीमला दे

गोपाळकृष्ण आगाश्यांनी निळ्या मॉरिसच्या बॉनेटवर पंजा ठेवला आणि तो काढायला साफ नकार दिला.

“काका, गाड्यांना हात लावायचा नाही,” छातीवर बिल्ला लावलेल्या बाई म्हणाल्या. “तिकडे पाटी आहे.”

“पाटी वाचता येते मला. जन्मभर मास्तरकी केलीय. ही माझ्या बापाची गाडी आहे, कळलं?”

“थांबा, मालकांनाच बोलावते,” म्हणत बाई गेल्या.

मालक म्हणे! त्या शब्दानंच आगाश्यांचं डोकं सणकलं.

खडकीच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. एका बाजूला चकाकणाऱ्या गाड्या, दुसऱ्या बाजूला सतरंज्यांवर मांडलेले दिवे, आरसे, हॉर्न. आज रविवार, शेवटचा दिवस. आज गाड्यांची खरेदी-विक्री होणार, ही बातमी सकाळी पेपरात होती आणि बातमीशेजारच्या फोटोत त्यांचीच मॉरिस होती. आगाशे अर्धा चहा टाकून उठले. आज ती विकली गेली तर पुन्हा म्हणून नजरेला पडणार नव्हती.

“जाऊ द्या ना हो,” त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणाल्या होत्या. “तुम्हीच तर दिलीत.”

“मी नाही, बाबांनी दिली.”

हे मात्र खरं. बाबा, म्हणजे माधवराव, दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा तोंडावरची नळी बाजूला सारून एवढंच बोलले, “गोपाळ, गाडी करीमला दे. विसरू नकोस.” दुसऱ्या दिवशी गेले. पोटच्या मुलाला ना आशीर्वाद, ना निरोप. आणि गाडी कोणाला? तर नाना पेठेतल्या करीम मिस्त्रीला! दर रविवारी दोघं बॉनेटमध्ये डोकी घालायचे, हसायचे, एका बशीतला चहा प्यायचे. मुलगा आपला उन्हात उभा राहून पाने पुरवायचा.

पण बापाचा शेवटचा शब्द तो. तेरावं झाल्यावर आगाश्यांनी स्वतः गाडी एरंडवण्यातून नाना पेठेत नेली. वाटेत ती दोनदा बंद पडली. तिलाही जायचं नाहीये, असं वाटून लकडी पुलावर त्यांना भडभडून आलं. करीम एका जीपखाली आडवा होऊन काम करत होता. किल्ली बाकड्यावर आपटून आगाशे म्हणाले, “बाबांनी तुम्हाला द्यायला सांगितली,” आणि वळले. जीपखालून करीम काहीतरी ओरडला. ऐकायला थांबतंय कोण!

पुढे फोन आले. “गोपाळराव, गाडीचं जरा बोलायचं होतं.” आगाश्यांनी दर वेळी फोन आपटला. आता गाडीचे कागदही नावावर हवेत वाटतं! दोनदा करीम दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्यांनी मंदाकिनीबाईंना “घरात नाहीत” असं सांगायला लावलं. मग ते कोथरूडला राहायला गेले. नाना पेठेतून जाणारा रस्ता त्यांनी वीस वर्षं टाळला.

आता काचेतून आत डोकावले आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. मागच्या सीटवर बाबांची छत्री होती. शेजारी बाबांचा मफलर, नीट घडी घातलेला. मेलेल्या माणसाच्या वस्तू त्याच्या घरी पोचवायचीही अक्कल नाही, वर गाडी मिरवायची!

तेवढ्यात काठी टेकत करीम आला. दाढी पार पांढरी झाली होती. त्याच्या मागे खराडीच्या आयटी कंपनीत असतो तसा एक टी-शर्टवाला लागला होता.

“अंकल, सीरियसली सांगतोय, तुम्ही म्हणाल त्या किमतीला घेतो.”

“विकायची नाही.”

“पण इथं आणलीय म्हणजे—”

“एकदा सांगितलं ना? दुसरी बघा.”

टी-शर्टवाला तोंड वाकडं करून गेला. करीमनं मान वर केली, आगाश्यांना पाहिलं आणि जागच्या जागी थबकला.

“आलात?” तो म्हणाला.

“आलो! लाज वाटते का तुम्हाला?” आगाश्यांचा आवाज मैदानभर गेला. “मरणाच्या दारातल्या माणसाच्या डोक्यात शिरून गाडी लाटलीत. मी मुलगा होतो हो त्यांचा! मला काय बापाचं काहीच नको होतं? वीस वर्षं जीव जळतोय माझा. रस्त्यात असला हॉर्न वाजला की अजून मान वळते. आणि तुम्ही त्यांची छत्री मिरवताय?”

माणसं जमली. बिल्लावाल्या बाई मध्ये पडायला आल्या आणि दोघांचे चेहरे बघून मागे सरल्या.

करीमचे कान लाल होत चालले होते. आगाश्यांचा दम संपला तशी त्यानं काठी जमिनीवर दाणकन आपटली.

“झालं बोलून? मी लाटली काय! अर्धं गॅरेज अडवून बसलीय ही. दर महिन्याला चालू करतो, हवा बघतो, उंदीर हाकलतो. तुम्हाला फोन केले, आपटलेत. घरी आलो, दार लावलंत. घर बदललंत, तर पत्ता सांगायला कोणी तयार नाही. शेवटी इथं आणून उभी केली, पेपरवाल्याला हात जोडून फोटो छापायला लावला. म्हटलं, फोटो बघून तरी याचे पाय इकडे वळतील.”

“कशाला? मला जळवायला?”

“न्यायला!” करीम ओरडला. “बंद पडतेय, मुलाबरोबर पाठवतो म्हणाले होते तुमचे वडील. आठ दिवसांत नीट झाली होती, मास्तर! दुरुस्तीला दिलेली गाडी न्यायला माणूस वीस वर्षं लावतो होय?”