अकरा सेकंद

कोच ओनोदेरांनी प्लास्टिकचे कोन एकेक करून उचलले, जाळीच्या पिशवीत भरले आणि पिशवी क्लबच्या सेक्रेटरीबाईंकडे दिली. शिटीही दिली. फ्लॅट बुशच्या मैदानावर जूनची, म्हणजे इथल्या हिवाळ्यातली, गार भुरभुर चालू होती. दहा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉल टीम कुंपणाशी रडत उभी होती. त्यात इशिताही होती.

तिचा बाप इंद्रनील गाडीपाशी थांबला होता. त्याने असं केलं तरी काय होतं? एक ईमेल पाठवली होती, बस्स. आपल्या लेकीचे कोच कधीकाळी जपानच्या लीगमध्ये खेळायचे हे कळल्यावर त्याने सहज नेटवर नाव शोधलं. कुणा चाहत्याच्या साइटवर एक जुनी क्लिप सापडली. समोर गोल रिकामा, पाच पावलांवर चेंडू, आणि पठ्ठ्याने तो चक्क बाहेर मारला. इंद्रनील खो खो हसत सुटला. ऑफिसातून एवढी मोठी फाइल जाईना, म्हणून पहिले अकरा सेकंद ठेवून बाकीची कापली आणि टीमच्या सगळ्या पालकांना धाडली. पुण्याहून आलेल्या या सॉफ्टवेअरवाल्याला ते काम म्हणजे डाव्या हातचा मळ.

त्यातल्या कुणीतरी ती क्लिप एका व्हिडिओ साइटवर चढवली. महिन्याभरात वीस लाख लोकांनी पाहिली. निवृत्तीनंतर दहा वर्षं कुणाच्या खिजगणतीत नसलेले ओनोदेरा जपानमध्ये पुन्हा घराघरांत पोचले, पण हसं होऊन. पापाकुराच्या क्लबशी मॅच होती तेव्हा तर समोरच्या टीमचे पालक त्यांना बघून ‘वाइड, वाइड’, म्हणजे ‘बाहेर, बाहेर’, म्हणून ओरडले. टीम तशीही हरतच होती. कुणी पडलं की आधी तिला बघा, गोल नंतर, असली त्यांची शिकवण. अशा माणसाकडून पोरींनी काय शिकायचं, असं पालक विचारू लागले. क्लबने त्यांचं ऐकलं आणि कोचना काढलं.

ओनोदेरा गाडीजवळून निघाले तेव्हा इंद्रनीलला राहवलं नाही. त्याला मनापासून लाज वाटत होती.

“सॉरी, कोच. मी फक्त गंमत म्हणून पाठवली होती.”

ओनोदेरा थांबले, किंचित वाकले. “चेंडू बाहेर गेला, हे खरंच आहे,” एवढंच म्हणाले आणि बस स्टॉपकडे चालू लागले.

घरी जाताना इशिता गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर एरवी इंग्रजीत यायचं. आज तेही नाही. दुपारी इंद्रनील चहा घेऊन खोलीत आला, तर ती त्याच्या कॉम्प्युटरवर बसून त्या चाहत्याच्या साइटवरची मूळ क्लिप बघत होती, न कापलेली.

“नको गं बघू, उगाच वाईट वाटेल,” तो म्हणाला.

चेंडू बाहेर गेला. बारावा सेकंद आला आणि कॅमेरा बाजूला वळला. समोरच्या टीमचा गोलकीपर डोकं धरून चिखलात पडला होता. म्हणूनच तर गोल रिकामा होता. खेळ थांबावा म्हणून चेंडू मुद्दाम बाहेर मारून ओनोदेरा त्याच्याकडे धावत सुटले होते, हात हलवून डॉक्टरांना बोलावत होते. मग अख्खं स्टेडियम उभं राहिलं. टाळ्या काही थांबेनात. इंद्रनील हे पहिल्यांदाच बघत होता. त्या दिवशी हसण्याच्या भरात त्याने पुढचं पाहिलंच नव्हतं.

इशिता वळली.

“बाबा,” ती मराठीत म्हणाली, “हे तू कापलंस?”