विरुद्ध पक्षाची खुर्ची

बीएस्सीनंतर वकिली शिकून मी सेलूत ज्यांच्याकडे रुजू झाले, ते वकीलसाहेब तीस वर्षं वाटणी, वारसा, बांधाचे दावे लढवताहेत. अशिलाला ते आधी विरुद्ध पक्षाची बाजू मांडायला लावतात. का, ते मला बघायचं होतं. आज महारुद्र आला. बहिणीला, पार्वतीला शेतात हिस्सा द्यायला तो तयार नव्हता. साहेबांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “तिथं बसा. आता तुम्ही पार्वती. बोला.” “मी बाई होऊ? मंग लुगडं बी आणा की!” हसतच तो बसला. “दादा, दिवाळीनंतर तू ऊस तोडायला गेलास, की रान मीच बघते. तुझी लेकरं बी माझ्याजवळच ऱ्हातेत.” “आता तुमची बाजू सांगा,” साहेब म्हणाले. तो खुर्चीतून उठलाच नाही. “साहेब, तिला तुमीच फोन लावा. माझा ती उचलत न्हाई.”