सामनेवाला नंबर दोन

“पुढली तारीख ल्या, ताई,” धुडकू म्हणाला.

वकील प्रतिभाताईंनी कपाळाला हात लावला. नंदुरबारच्या कोर्टात लोकअदालत भरली होती. बाहेर माणसं आपला नंबर कधी येतो म्हणून ताटकळत होती, आणि त्यांचा अशील तडजोडीला सलग चौथ्यांदा नाही म्हणत होता.

“काका, पुन्हा सांगते. ट्रकच्या विमा कंपनीनं आपला वाटा मागच्या वर्षीच दिला. तेवढा एकूण भरपाईतून वजा झाला. उरला ट्रॅक्टरचा वाटा. ट्रॅक्टरचा विमा संपलेला होता, म्हणजे दोन नंबरला तो खिशातून भरायचाय. पॅनलनं तीन लाख काढलेत. घ्या आणि मोकळे व्हा.”

“आन व्याज?”

“व्याज अर्ज टाकला त्या दिवसापासून मिळेल, पण निकाल लागल्यावर. त्याला अजून वर्षं जातील.”

“जाऊ द्या. माले कोठे घाई शे?”

सहा वर्षांपूर्वी ट्रक आणि ट्रॅक्टरच्या धडकेत धुडकूचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. ट्रकच्या कंपनीकडून पैसे हवेत तर अर्जात दोन्ही गाड्या घालू, असं प्रतिभाताई तेव्हा म्हणाल्या होत्या. धुडकूनं न वाचता सही केली. ट्रकवाला झाला नंबर एक. ट्रॅक्टर ज्याचा, आणि चालवतही जो होता, तो झाला सामनेवाला नंबर दोन. कोर्टाची नोटीस हातात पडली त्या दिवसापासून दोन नंबर धुडकूशी एक शब्द बोलला नव्हता.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. धुडकू मात्र एका पायानं चढत होता. तारखेच्या दिवशी दाढी करायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि म्हसावदहून पहिली बस धरायचा. गाव म्हणायचं, म्हातारा व्याजाच्या आशेवर जगतोय. गावाला बोलायला काय लागतं! बायको दगूबाई गेल्यापासून त्या घरात ‘जेवलात का’ विचारणारंसुद्धा कोणी नव्हतं, हे गावाला दिसत नव्हतं. एकटेपणानं माणूस किती वाळतो ते एकट्यालाच कळतं.

दोन नंबर समोरच्या बाकावर बसला होता. तोही कधी तारीख चुकवत नसे. वकील लावला नव्हता, स्वतःच यायचा. तीन लाखांचा विषय निघाला की ना हो, ना नाही, नुसती मान खाली. त्याचा होकारच आहे असं सगळे धरून चालले होते.

“तो बारीक व्हई गया,” धुडकू हळूच म्हणाला.

“कोण?”

“दोन नंबर. मांगली तारीखले खोकलत बी व्हता.”

“होणारच बारीक. तुमचे पैसे तयार असावेत म्हणून ट्रॅक्टर विकला त्यानं. आता पुरुषोत्तमनगरकडे लोकांच्या उसात रोजानं जातो. रक्कम बँकेत पडून आहे, आणि इकडे तुमचं व्याज चढतंच आहे. निकाल लागला की तेही त्याच्याच बोकांडी.”

ट्रॅक्टर विकल्याचं धुडकूला माहीत नव्हतं. त्यानं समोरच्या बाकाकडे पाहिलं.

“आज सही करी त पुढली तारीख नही?”

“नाही. केस संपली. इथं यायलाच नको.”

धुडकूनं कुबडी भिंतीला टेकवली. “लिखा मंग. व्याज नको माले. एक रुपया बी नको व्याजना.”

प्रतिभाताईंना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी घाईघाईनं कागद केला. म्हाताऱ्याचं मन पुन्हा फिरायच्या आत त्यांनी बोटानं जागा दाखवली. धुडकूनं सही केली. आता दाढी कोणासाठी करायची, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू येईल असं वाटलं.

पॅनलवरच्या न्यायाधीशांनी कागद दोन नंबरकडे सरकवला. “नशीब काढलंत. त्यांनी सगळं व्याज सोडलंय. करा सही.”

दोन नंबरनं पेन उचललं. कागदावरची धुडकूची सही त्यानं पाहिली आणि पेन खाली ठेवलं.

“सही नही करस मी. तारीख द्या, साहेब.”

“अहो, पैसे तयार आहेत ना तुमचे?”

“हा, तयार शेतस.”

“मग? जितकं लांबवाल तितकं व्याज तुम्हालाच चढेल. फुकट का भरता?”

“चढू द्या. भरसू मी.” त्यानं कागद परत सरकवला. “तारीख बंद व्हयनी त मन्हा बाप माले कोठे भेटी?”