चहाच तर आहे

दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं. फटीतून ताईला धाकट्या भावाची पाठ दिसली. बायकोच्या कपाटासमोर मांडी घालून तो एकेक हिरवी कॅप्सूल दोन बोटांत धरून अलगद उघडत होता. आतली पूड त्याने कागदावर झटकली, शेजारच्या पुडीतली दुसरीच पूड चिमटीने भरली आणि टोपण पुन्हा बसवलं. सुईत दोरा ओवणारे हात ते. कणभरही सांडलं नाही.

ताई पाय न वाजवता मागे फिरली.

ती जन्माची मास्तरीण. कॉपी करणारं पोर तिला नुसत्या मानेवरून ओळखू यायचं. भावाची मान आज तशीच वाकलेली होती.

कॅप्सूल होत्या ग्रीन टीच्या अर्काच्या, वजन उतरवण्याच्या. भावजयीने त्या ठेवणीतल्या कपड्यांमागे दडवल्या होत्या. ताई राहायला आली त्याच दिवशी तिने कानाशी येऊन सांगितलं होतं, "यांना कळू देऊ नका हं ताई. उगाच कटकट करतात. चहाच तर आहे. चहाने कुणाचं वाईट झालंय?"

म्हणजे यांना कळलं होतं. आणि कळूनही हे गप्प होते.

ताई लक्ष ठेवू लागली. भावाचं शिवणाचं दुकान खालच्या मजल्यावरच होतं. सकाळी खाली उतरण्याआधी तो बायकोला खिडकीपाशी न्यायचा.

"इकडे बघ. आता वर." खालची पापणी ओढून तो तिचा डोळा निरखायचा.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, आता डोळ्यांत काय शोधता?" ती हसायची.

"धूळ."

रोज धूळ शोधणारा नवरा ताईने पाहिला नव्हता. हा कशाची तरी वाट बघत होता.

त्यातच भावजयीचे ड्रेस अंगावर लोंबू लागले. तिला कोण आनंद. "बघा ना ताई, कमरेत अख्खा पंजा जातो." ताईने मात्र तिला नखशिखांत न्याहाळलं. बाईचं जेवण नीट होतं, चेहरा होता तसाच होता. पण कपडे कशाला खोटं बोलतील?

"तुझी बायको वाळत चाललीय," ती दुकानात जाऊन भावाला म्हणाली.

"बरंच आहे की." त्याने मशीनवरून मान वर केली नाही. मांडीवर बायकोचाच ड्रेस होता, शिवण उसवलेला.

"हा कशाला?"

"आत घ्यायचाय. सैल झालाय ना." मग तो जरा हसला. "ताई, शाळा सुटली तुझी. आता तरी तपासणी थांबव."

भावजयीला सांगून उपयोग नव्हता. नवऱ्याबद्दल वाकडा शब्द ती ऐकूनच घेणार नाही. आणि चिठ्ठी हातात आल्याखेरीज पोराला उभं करायचं नाही, हा ताईचा जुना नियम. तिने बाजारातून त्याच कॅप्सूलची सीलबंद बाटली आणली. भावाने हात लावलेल्या सगळ्या कॅप्सूल रुमालात बांधून ठेवल्या आणि कपाटातल्या बाटलीत अस्सल भरल्या. पुढे भाऊ त्या खोलीकडे वळला की ताई मागोमाग हजर. "सुई आहे का रे?" शिंप्याच्या घरात सुईचं निमित्त कधी जुनं होत नाही. बाटली संपत आली की नवी बाटली ताईच आणून द्यायची.

"सख्ख्या बहिणीनेही एवढं केलं नसतं," भावजय म्हणाली.

तरी उशीर झालाच. भावजयीचं अन्नावरचं मन उडालं. मग उलट्या. एका सकाळी खिडकीत भावाने तिची पापणी ओढली. डोळा हळदीसारखा पिवळा झाला होता.

भावजयीला दवाखान्यात दाखल केल्यावर ताईने डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, भावाच्या देखत, रुमालाची गाठ सोडली.

"हे तपासा. यानेच भरलंय, मी डोळ्यांनी पाहिलंय. तिला काय चारत होता ते विचारा."

भाऊ रागावला नाही. रुमालाकडे बघत हळूच म्हणाला, "गव्हाचं पीठ आहे, ताई."

डॉक्टरीणबाईंनी एक कॅप्सूल उघडली, पूड बोटांवर चोळली आणि मान डोलावली. "पीठच आहे. मागे ग्रीन टीच्या असल्याच कॅप्सूलनी यांच्या बायकोचं लिव्हर सुजलं होतं. पुन्हा घ्याल तर जिवावर बेतेल, असं मी तेव्हाच बजावलं होतं."

"बंद केल्या म्हणाली आणि लपवून चालू ठेवल्या," भाऊ म्हणाला. "फेकल्या असत्या तर नव्या आणून दुसरीकडे लपवल्या असत्या. म्हणून पीठ भरलं. गुण येतोय असं वाटावं म्हणून तिचे कपडे वाढवत गेलो. तेवढंच येतं मला." त्याने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच वर पाहिलं. "तू तर दिवसभर घरात असायचीस ना, ताई? मग तिला खऱ्या कॅप्सूल कोण आणून देत होतं?"